वीतभर उरावं म्हणून

जयनगरच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागले की मला गोल्फ आठवतो. हे वाक्य शहाण्या माणसासमोर बोलायची सोय नाही, म्हणून मी ते घरातच बोलतो. अवरेकाई म्हणजे पावट्याच्या घराण्यातली इथली शेंग. थंडी सुरू झाली की बेंगळूरु तिच्यासाठी वेडं होतं. उप्पिटात अवरेकाई, आमटीत अवरेकाई, डोशातसुद्धा अवरेकाई. शेंग हातात घेऊन नुसती दाबली तरी बोटांना एक चिकट, तेलकट वास लागतो आणि तो साबणाला दाद देत नाही. इथले लोक त्या वासाला सोगडू म्हणतात. आमची भाजीवाली दरवर्षी न चुकता सांगते की दव जेवढं जास्त पडेल तेवढा सोगडू जास्त. काल तिनं माझ्या पिशवीत शेंगा ओतल्या, मी सवयीनं बोटं हुंगली, आणि बाजाराच्या त्या गर्दीत मला हेब्बाळच्या पलीकडचं ओलं गवत दिसायला लागलं.

त्या गवतावर मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, दर सोमवारी खेळायला जायचो. सोमवारी आमचं दुकान बंद असतं. शिंप्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. कोट, पँट, सफारी. आमच्या घरात मराठी बोलतात, पण ती इतक्या पिढ्या इथलं पाणी प्यायली आहे की पुण्याचा पाहुणा दोन वाक्यं ऐकतो आणि तुम्ही मूळचे कुठले म्हणून विचारतो. आम्ही मूळचे जयनगरचे. अशा दुकानदारांच्या घरात गोल्फ कसा शिरला, तर एका निवृत्त गिऱ्हाइकाच्या पोटातून. ते गृहस्थ खेळून खेळून बारीक झाले, पँटी कमरेत आवळून घ्यायला आमच्याकडे आले, आणि जाताना अण्णाला बरोबर घेऊन गेले. अण्णा संध्याकाळी परत आला तो तळहाताला फोड घेऊन आणि भलताच खुशीत. पुढच्या सोमवारी मला ओढून नेलं. झाली त्याला वर्षं.

आता अण्णा खेळत नाही. त्याचे हात कापतात. डॉक्टर म्हणतात, हा वयाचा आणि घराण्याचा कंप आहे, जिवाला धोका नाही. गोळ्या चालू आहेत. ज्या हंगामाबद्दल मी लिहितोय, त्या हंगामात तो कंप आलेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तो हंगामही असाच सुरू झाला होता. पहिल्या अवरेकाईची आमटी पानात होती, आणि अण्णा जेवता जेवता म्हणाला, "रघू, या वर्षी मला एकदा दोन आकड्यांत यायचंय."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात जितके फटके कमी तितका खेळाडू मोठा. आम्ही दोघंही शंभराच्या वरचे. शंभराच्या खाली येणं ही आमच्यासारख्यांची एसएससी. कितीतरी वर्षं आम्ही त्या परीक्षेला बसत होतो आणि थोडक्यात नापास होत होतो. पण अण्णानं तोवर तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला खेळ म्हणजे पहाटेचं रिकामं शहर, धुक्यातून निघालेली गाडी आणि परतीच्या वाटेवरची इडली. त्यानं आकडा मागितला याचंच मला नवल वाटलं. मी आनंदानं कामाला लागलो, कारण मला कुणीतरी प्रश्न विचारलेला फार आवडतो, उत्तर येत नसलं तरी.

काय घोटायचं, हा तो प्रश्न. आठवड्याला एक सकाळ आणि वरची अर्धी-पाऊण संध्याकाळ, एवढाच वेळ. तेवढ्यात सगळं घोटता येत नाही. माणूस सहसा जे आधीच येतं तेच घोटत बसतो, कारण त्यात मजा असते. मैदानाशेजारच्या सरावाच्या पट्टीवर बघावं तर सगळे जण मोठी स्टिक घेऊन लांब लांब हाणत असतात. मी म्हटलं, हे आपल्याला चालणार नाही. माझी मुलगी चैत्रा महादेवपुऱ्याला एका कंपनीत आहे; तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. आधी वीक एरिया आयडेंटिफाय करा, मग फक्त त्याच्यावर फोकस." मला ते फारच पटलं, कारण आमच्या धंद्यातही तेच आहे. उसवलं तिथं टाका घालायचा.

उसवलं कुठं होतं ते तर उघड होतं. भोकाभोवतीचं जे बारीक कापलेलं गवत असतं, ज्याला ग्रीन म्हणतात, तिथं आमचे दोघांचे फटके सांडत होते. त्यातही अण्णाचे जास्त. लांबून छान यायचा, सगळ्यांच्या तोंडून वाहवा घ्यायचा आणि पुढ्यातल्या दोन हातांवरच्या भोकात चेंडू घालायला तीन-तीनदा वाकायचा. तेव्हा ठरलं. म्हणजे मी ठरवलं. या हंगामात फक्त पटिंग, म्हणजे ग्रीनवरचा चेंडू पटर नावाच्या स्टिकनं भोकात ढकलणं.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. मित्रामित्रांत खेळताना चेंडू भोकाच्या अगदी जवळ गेला की समोरचा म्हणतो, उचल, दिला तुला. तो फटका मारायचा नाही, मारला असं धरायचं. आम्ही दोघांनी हे कधीच पाळलं नाही. आमचे वडील गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देताना शेवटचं बटण लावूनच द्यायचे. बटण घरी लावून घ्या हो, असं म्हणणारा शिंपी त्यांच्या लेखी शिंपीच नव्हता. त्या घरातली आम्ही मुलं, दिलेला फटका घेणार कसे? चेंडू भोकाच्या काठावर डोकावत असला तरी वाकून, ढकलून, त्याचा टक्क आवाज ऐकूनच पुढे जायचं. बरोबरचे लोक हसायचे. आम्हाला त्याचा थोडा गर्वही होता.

तर त्या थंडीत आम्ही उजाडायच्या आधी घरून निघायचो. जयनगरहून हेब्बाळ म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, पण त्या वेळी शहर अंग चोरून झोपलेलं असतं. तळ्याच्या बाजूनं धुकं रस्त्यावर आलेलं असायचं. मैदानावर पोचलो की सरावाच्या ग्रीनवर कुणाचंही पाऊल पडलेलं नसायचं, आणि सगळं गवत दवानं पांढुरकं. त्यावरून चेंडू गेला की मागे हिरवी रेघ उमटायची, कापडावर खडूनं मारतो तशी. मला ते बघायला इतकं आवडायचं की चेंडू भोकात गेला की नाही हे मी कधी कधी विसरून जायचो. माझ्या रेघा बऱ्यापैकी एकीवर एक पडायच्या. अण्णाच्या एकाच जागेवरून निघून पंख्यासारख्या पसरायच्या, एक इकडे, एक तिकडे.

अण्णा बुटानं त्या पुसून टाकायचा. चार चेंडू मारले की पुसायचा. मला वाटायचं, स्वच्छतेची सवय. कटिंगच्या टेबलावरचा जुना खडूही तो नवीन कापड अंथरायच्या आधी असाच झटकायचा.

तीन-चार सोमवार असे गेले. माझा स्कोअर थोडा उतरला, अण्णाचा चढला. मी मोबाइलवर बघितलेलं एक-एक त्याला सांगत होतो. मनगट असं धरा, श्वास तसा सोडा. तो ऐकून घ्यायचा. धाकट्या भावाचं इतकं ऐकून घेणारा थोरला भाऊ म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं, पण उपदेश करणाऱ्याला समोरचं फारसं दिसत नाही. एका सकाळी त्यानं पुसायला पाय उचलला तेव्हा मी त्याला अडवलं. पुसू नका, कुठं चुकतंय ते बघू या, म्हटलं.

"कुठं चुकतंय ते मला ठाऊक आहे की," अण्णा म्हणाला. त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला. पंख्याखाली ठेवलेल्या कापडाची कड हलते तसा तो हात हलत होता. "दिवाळीपासून मी एक काज केलेलं नाही. सगळी तुझ्याकडं सरकवतोय. तुला वाटतंय अण्णा आळशी झाला."

मला भीती वाटली. सरळच सांगतो. ज्या हातानं आमचं घर उभं राहिलं तो हात तसा बघणं मला झेपलं नाही. अण्णा कटर. टेबलावर कापड पसरून, खडू मारून, मोठी कात्री चालवायची ती त्यानं, हातानं काजं करायची तीही त्यानं; बाकी शिवणारा मी. वडिलांनी आम्हा दोघांना तसंच वाटून दिलं होतं. तो हात गेला तर दुकान काय आणि गोल्फ काय. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो की मग आपण आणखी सराव करू.

अण्णा हसला. "तू जन्माचा शिवणारा. उसवलं तिथं टाका घालायला धावतोस. कापताना कुठं कमी पडलं ते कोण बघणार?"

यातलं मर्म शिंप्याच्या घरात वाढलेल्यालाच पटकन कळेल, म्हणून जरा उलगडून सांगतो. गिऱ्हाईक कोट घेऊन येतं, काखेत उसवलाय म्हणतं. मी दुहेरी टीप मारून देतो. महिन्यानं तो कोट पुन्हा तिथंच उसवून येतो. मग अण्णा तो हातात घ्यायचा, पाठ चाचपायचा आणि सांगायचा की काखेचा काही दोष नाही, पाठ अर्धं बोट तंग कापली आहे. ओढ पाठीत, फाटतं काखेत. पाठीला थोडं मार्जिन सोडलं की काख आपोआप शांत होते. त्या ओल्या ग्रीनवर उभं राहून त्यानं मला आमचा खेळही तसाच चाचपून दाखवला. लांबचे फटके अजून बरे होते, कारण मोठी कात्री धरताना त्याचा हात थरथरत नव्हता, फक्त सुई धरताना थरथरत होता. फाटत होतं पटिंगमध्ये. पण ओढ होती ती त्याच्या आधीच्या फटक्यात, ग्रीनच्या कडेवरून चेंडू स्टिकनं नुसता उचलून भोकाजवळ टाकायचा त्या छोट्या फटक्यात. तो आम्ही दोघं कसाही मारायचो आणि मग उरलेलं अंतर पटरच्या गळ्यात घालायचो.

"पट घोटायचा नाही," अण्णा म्हणाला. "पटला कामच ठेवायचं नाही. वीतभर उरलं तर हात हलला काय आणि नाही काय."

त्या दिवशी परतीची इडली खातानाही मनात तेच घोळत होतं. जे येतं ते घोटणं हा आळस, आणि जे येत नाही ते घोटणं हे शहाणपण, एवढं मला माहीत होतं. सगळी पुस्तकी हुशारी तेवढ्यावरच थांबते. जे आता कधीच येणार नाही त्याचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही. त्याच्या आधीची पायरी इतकी नीट करायची की त्याच्या वाट्याला फार काही उरू नये. साठीला आलेल्या माणसाला हे गोल्फपुरतंच ठेवणं अवघड जातं.

मग आमच्या गच्चीवर सराव सुरू झाला. कोटांच्या कापडाच्या चिंध्यांची एक जाडजूड गोधडी आमच्या घरात आहे, करड्या-निळ्या चौकड्यांची, थंडीत हिच्याखाली झोपावं तर माणूस उठत नाही. ती अंथरली. एका टोकाला काथ्याचं पायपुसणं, त्यावर चेंडू. दुसऱ्या टोकाला वहिनीचं सूप. अण्णानं खडू घेतला आणि सुपाच्या बराच अलीकडे, गोधडीवर, एक फुली मारली. सुपाकडे बघायचंच नाही, म्हणाला. चेंडू फुलीवर टेकवायचा. तिथून तो आपल्या पायानं घरी जातो. कापतानाही तो असाच. पुरा कोट त्याच्या डोक्यात असायचा, पण डोळा खडूच्या रेघेवरून हलायचा नाही. मी मात्र हटकून सुपाकडे बघायचो आणि चेंडू सूप ओलांडून पाण्याच्या टाकीवर वाजायचा.

वहिनीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिचं म्हणणं एवढंच होतं की अवरेकाईच्या दिवसांत सूप गच्चीवर नेणारी माणसं तिनं जन्मात बघितली नाहीत. सोललेले दाणे पाखडायला तिला सूप लागायचं. खालून हाक आली की आम्ही ते देऊन यायचो आणि पुन्हा घेऊन यायचो. परत आलेल्या सुपाला सोगडू चिकटलेला असायचा. संध्याकाळी ती कॉफी घेऊन वर यायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अण्णाच्या लोट्यात, इथं कॉफीच्या पेल्याला लोटा म्हणतात, ती अर्धीच कॉफी ओतते आणि ती संपली की उरलेली ओतते. मी विचारलं कधीपासून. बरेच महिने झाले, म्हणाली. दोनदा घातली की गरम राहते, एवढं कारण देऊन तिनं तो विषय झाकून ठेवला होता. तिनं कधी एक चेंडू मारला नाही, पण लोट्याला मार्जिन सोडायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

हळूहळू फुलीवर चेंडू पडू लागले. अण्णाचे आधी, माझे मागाहून. बाजारातल्या शेंगा जाडसर आणि स्वस्त होत गेल्या, मग कोरड्या पडू लागल्या. रस्त्याकडेच्या झाडांना गुलाबी फुलांचे झुबके आले, म्हणजे थंडी सरत आल्याची खूण. दव कमी झालं. मैदानावर चेंडूमागची रेघ पुसट होत होत एका सोमवारी उमटलीच नाही.

त्याच सोमवारी अण्णा चांगला खेळत होता. मी आकडा बोललो नाही, त्यानंही विचारलं नाही, पण दोघांच्याही डोक्यात तो चालू होता. शेवटच्या भोकाशी आलो तेव्हा हिशेब इतका सोपा झाला होता की न करून चालणार नव्हतं. त्याचा चेंडू ग्रीनच्या कडेला होता. तिथून दोनात घातला तर शंभराच्या आत. त्यानं भोकाकडे बघितलंच नाही. मधल्या गवतावर कुठंतरी एका जागेवर नजर ठेवली, जणू तिथं खडूची फुली होती, आणि स्टिकनं चेंडू हलकेच उडवला. तो तिथंच टेकला, रांगत गेला, आणि भोकाच्या अलीकडे थांबला. वीतभर उरलं.

कुठलाही मित्र असता तर म्हणाला असता, उचला, दिला. माझ्याही ओठांवर आलं होतं. मी अण्णाकडे बघितलं आणि ते गिळलं. शेवटचं बटण लावल्याशिवाय कपडा हातावेगळा करणारा तो नव्हता.

तो वाकला. पटर जमिनीला टेकवला तरी त्याचं टोक हलत होतं, डावीकडे, उजवीकडे. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं पण नजर तिथून हटली नाही. त्यानं हात थांबायची वाट पाहिली नाही. थांबणार नाही हे त्याला माहीत होतं. ढकलला. हात हलला, पटर हलला, चेंडू किंचित वाकडा निघाला, आणि तरी वीतभर अंतरात वाकडं जायला त्याला जागा कुठं होती? टक्क आवाज आला. अण्णानं वाकून चेंडू काढला, पँटला पुसला आणि खिशात टाकला. मला म्हणाला, चल, हेब्बाळच्या पुलावर आता गाड्या अडतील.

मी बॅग उचलायच्या निमित्तानं खाली वाकून राहिलो.

त्यानंतर तो एक हंगाम खेळला, मग आपणच थांबला. टेबल आता माझ्याकडे आहे. या वयात मी कापायला शिकलो. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि माझी कात्री चालायच्या आधी खडूची रेघ नजरेनं तपासतो. कधी नुसतंच म्हणतो, स्वल्प सोड तिथं. मी सरी म्हणतो, म्हणजे बरं, आणि सोडतो. सोमवारी मी एकटा हेब्बाळला जातो. पुन्हा दव पडू लागलंय, रेघा उमटू लागल्यात, आणि मी अजून शंभराच्या वर आहे.

काल बाजारातून आणलेल्या शेंगा अक्कानं रात्री सोलून भिजत घातल्या. आज सकाळी खेळून परत आलो तेव्हा अण्णा व्हरांड्यात भिजलेल्या दाण्यांची परात घेऊन बसला होता. त्यांचं वरचं साल चिमटीत दाबून काढायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलंय. दाणा दाबला की आतला गर निसटून टोपात पडतो. काही टोपाबाहेर उडत होते, आणि अक्का ते गोळा करत होती. मी शेजारी बसलो. त्यानं स्कोअर विचारला नाही. तो कधीच विचारत नाही. एकच प्रश्न असतो, तो विचारला.

"शेवटी किती उरलं होतं?"

मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. पुरी वीत, वर थोडं.

अण्णानं मान हलवली. "अजून कमी कर," म्हणाला, आणि किती ते दाखवायला त्यानं ओली चिमूट माझ्यापुढे धरली. ती बोटं थरथरत होती. त्यांच्यातलं अंतर कमी होत होतं, वाढत होतं, एका जागी ठरत नव्हतं. मी त्यातलं सर्वांत कमी होतं तेवढं डोळ्यांत धरलं आणि म्हटलं, "सरी अण्णा."